सतरा रिकामे रकाने

शाळेच्या चव-वहीत सतरा रकाने रिकामे आहेत, ते माझ्यामुळे. आमच्या गल्लीत त्याच्या बऱ्याच कथा झाल्या आहेत. म्हातारीला सही येत नाही, म्हातारी हट्टाला पेटली, म्हातारीने दोनशे मुलांना उपाशी ठेवलं. हट्टी म्हणा, मी ऐकून घेईन. सही मला येते. आणि उपाशी एकही मूल एकही दिवस राहिलं नाही. ज्याला हे खोटं वाटत असेल त्याने माझ्यासमोर येऊन म्हणावं. सकाळी अकरापर्यंत मी घरीच असते.

सगळं झालं ते एका हत्तीमुळे.

आमची नात दुसरीत आहे. एका जागी ठरत नाही म्हणून तिला भिंगरी म्हणतात. तिच्या शाळेत दुपारचं जेवण देतात, तरी ही घरी आली की दप्तर खांद्यावर असतानाच डबे उघडायची. एक दिवस मी विचारलं, "शाळेत जेवली नाहीस?"

"पेज होती."

"मग?"

"ती खायची नसते आजी. ती चिकटवायची असते."

मला वाटलं, पोरगी आजोबांवर गेली, तिखटमीठ लावून बोलते. तर तिने चित्रकलेची वही पुढे केली. पानावर कागदी हत्ती चिकटवलेला. मी नखाने ओढून पाहिला. पान फाटलं, हत्ती सुटला नाही.

दुसऱ्या दिवशी मी शाळेत गेले. दोन शब्द सुनावायचे आणि परत यायचं, एवढाच बेत होता. गॅसवर डाळ ठेवून गेले होते, यावरून समजा.

शाळेच्या दारात एक फळा लावला आहे. त्यावर तीन संस्थांची नावं आणि खाली 'संयुक्त विद्यमाने'. एक संस्था सातासमुद्रापलीकडची, ती भरड्याची आणि डाळीची पोती धाडते. दुसरी चुली, पातेली आणि स्वयंपाकिणीला टोपी देते. तिसरी काहीच देत नाही, ती मोजते. मुलांचं वजन, उंची, दंडाचा घेर, ताटात उरलेलं, पातेल्यात उरलेलं, सगळं. मी त्यांना धान्यवाले, चूलवाले आणि मोजणीवाले म्हणते. खरी नावं लांबलचक आहेत, ती वाचेपर्यंत पेज गार होते. या तिघांना जोडून ठेवायला एक मुलगी नेमलेली होती. चष्मा, पाठीवर पिशवी, कानाला सतत फोन. तिच्या कामाला समन्वय म्हणतात. समन्वय म्हणजे काय, ते मी आमच्या ह्यांना विचारलं. हे बत्तीस वर्षं कचेरीत होते. म्हणाले, "तिघांनी मिळून कपाट जिन्यावरून न्यायचं, आणि प्रत्येकाला वाटायचं की वजन दुसऱ्याच्या हातात आहे."

स्वयंपाकघर स्वच्छ होतं, खोटं कशाला बोलू. पातेली लखलखीत. स्वयंपाकीण मावशी टोपी घालून घोटत होत्या. मी चमचाभर पेज तोंडात घातली आणि तिथेच उभी राहिले. नावडतीचं मीठ अळणी म्हणतात, पण इथे नावडती नव्हती आणि मीठही नव्हतं. "मावशी, मीठ विसरलात का?" मी विचारलं. त्या म्हणाल्या, "विसरायला आधी ते असावं लागतं. यादीतच नाही."

मी मुख्याध्यापिकेच्या खोलीत गेले. त्यांना सगळे मोठ्या बाई म्हणतात, अंगाने त्या माझ्या निम्म्या आहेत. मी माझे दोन शब्द सुनावले. दोनाचे दोनशे झाले असतील. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि एक वही माझ्यापुढे सरकवली. म्हणाल्या, "आजी, रोज जेवणाआधी एका पालकाने चव बघून सही करायची असा नियम आहे. सहीशिवाय वाढता येत नाही. वर्ष झालं, कुणी पुढे येत नाही, मीच पालक म्हणून करते. उद्यापासून तुम्ही या."

तक्रार करायला गेलेली बाई अधिकारी होऊन परत आली. गॅसवरची डाळ तेवढी गेली.

आता वहीबद्दल सांगते, कारण सगळं घोडं तिथेच अडलं. रोजच्या ओळीला चार रकाने. तारीख, वेळ, 'चव पाहिली, योग्य आहे', आणि सही. 'योग्य नाही' असा रकानाच नाही. छापणाऱ्याने धरूनच चाललं होतं की जीभ नेहमी होच म्हणणार.

आणि माझ्या सहीबद्दलही सांगते. मी शाळेत दोन इयत्ता बसले. पुढे भाऊ झाला आणि मी पाळण्याशी बसले. सही शिकले ती तिसाव्या वर्षी, ह्यांच्याकडून, स्वयंपाकघरातल्या ओट्यावर पीठ पसरून त्यात बोटाने. तोवर मी अकरा सह्या केल्या होत्या आणि अकराही मला आठवतात. लोक सही करतात तशी, फोनवर बोलता बोलता, मान वर न करता, मी कधी केलेली नाही. जे खरं नाही त्याखाली माझं नाव जाणार नव्हतं.

आमच्या इमारतीत बातमीला पाय नाहीत, तिला जिना आहे. खालचे निवृत्त पोस्टमास्तर म्हणाले, तीन प्रतींत अर्ज करा, एकेक संस्थेला एकेक. मी विचारलं, माझ्याकडे कुठली राहील? त्यावर ते चौथ्या प्रतीचा विचार करत घरी गेले. वरच्या मजल्यावरची शिवणवाली म्हणाली, "करा हो सही, तुमचं काय जातंय? तुम्हाला थोडीच खायची आहे?" चिरंजीव म्हणाले, "आई, जगात एवढे मोठे प्रश्न आहेत." मी म्हटलं, तू आधी ताटातलं वांगं संपव. सूनबाई मात्र भांडी पुसता पुसता म्हणाली, "मी लग्न करून आले तेव्हा पहिल्या दिवशी भाजी खारट होती. मी काही बोलले नाही. म्हणजे सहीच केली म्हणा ना." अठरा वर्षांनी काढलं तिने ते. मनात नोंद घेतली आणि पुढे गेले.

पहिल्या दिवशी साडेअकराला मी हजर. पेज तशीच. मग माझी नजर शिक्षकांच्या खोलीकडे गेली. तिथे टेबलावर मिठाची बाटली. शिक्षक घरून डबे आणतात, त्यांना वरून मीठ लागतं. म्हणजे मोठ्यांच्या तोंडाला चव आहे, हे शाळेला ठाऊक होतं. मी बाटली उचलली, अंदाजाने पातेल्यात ओतली, मावशींनी घोटलं, मी चव घेतली. मग चष्मा न लावता, पाय जुळवून, बारावी सही केली.

त्या दिवशी पातेलं पुरलं नाही. मुलं दुसऱ्यांदा रांगेत आली. शिपाई रिकामं पातेलं आडवं करून आत बघत राहिला, कारण उरलेली पेज त्याच्या कोंबड्यांची असायची. कोंबड्या खात म्हणून पातेल्यात काही उरत नसे, आणि काही उरत नाही म्हणून मोजणीवाले लिहीत असत की मुलं आवडीने खातात. कोंबड्यांचा दंड कुणी मोजला नव्हता.

मी घरी आले ती छाती काढूनच. ह्यांना म्हटलं, तीन संस्था आणि एक वर्ष, आणि मला लागली एक मूठ. गर्वाचं घर खाली असतं, ते दुसऱ्याच दिवशी दिसलं.

झालं असं की मावशींना माझ्यामुळे धीर आला. त्यांनी दुसऱ्या दिवशी घरून मीठ आणलं आणि मी यायच्या आधीच गुपचूप घातलं. मोठ्या बाईंना वाटलं, आजी रोज कुठे येणार. त्यांनीही जाता जाता मिठाची पुडी रिकामी केली. मी आले. काल फत्ते झालेली बाई आज चव कशाला बघेल? आधी मीठ घातलं, मग चमचा तोंडात घातला. डोळ्यांतून पाणी आलं. आम्ही तिघींनी कपाट उचललं होतं आणि तिघींनाही वाटलं होतं की दुसरीचे हात रिकामे आहेत.

मी सही केली नाही. मावशींनी पाणी ओतलं, आणखी भरडा टाकला, पुन्हा घोटलं, तरी खारटच. घंटा होऊन अर्धा तास झाला, मुलं ताटल्या वाजवायला लागली. मोठ्या बाईंनी वहीत चिठ्ठी लावली, 'सही मागाहून', आणि वाढायला सांगितलं. दुपारपर्यंत पिण्याच्या पाण्याची टाकी कोरडी पडली. आणि नेमके त्याच दिवशी मोजणीवाले काटा घेऊन आले. मुलांचं वजन भरलं ते बहुतेक पाण्याचंच.

चूक झाली. कबूल. सतरातला पहिला रकाना माझ्याच पापाचा आहे. पण चूक तिघींनी न विचारता घालण्याची होती, मिठाची नव्हती.

चार दिवसांनी बैठक झाली. तोवर धास्तीने कुणीच मीठ घातलं नाही, पेज पुन्हा अळणी. मला भिंतीकडची खुर्ची दिली, तिचा एक पाय आखूड होता. मुद्दाम असेल असं मी म्हणत नाही. धान्यवाल्यांचे साहेब म्हणाले, मीठ स्थानिक स्वयंपाकघराने द्यायचं असं आम्ही धरलं होतं. चूलवाल्यांचे साहेब म्हणाले, मीठ पोत्यातच मिसळून येतं असं आम्ही धरलं होतं. दोघांनी एकमेकांना फार छान धरलं होतं. मी म्हटलं, मग आता द्या. तेव्हा मोजणीवाल्या बाई बोलल्या. त्यांचं म्हणणं असं की वर्षाचं मोजमाप चालू आहे, मधेच एखादी वस्तू घातली तर आकडे बिघडतात, म्हणून वर्ष संपेपर्यंत पातेल्यात बाहेरचं काहीही पडता कामा नये. शिक्षकांच्या खोलीतली बाटलीही कुलपात गेली. वर मला सांगितलं की मुलं बेचव असूनही खातात, असं त्यांचे आकडे सांगतात.

खातात. मीही बघितलं होतं. भिंगरीच्या वर्गात दोन वेण्यांची एक मुलगी आहे, तिच्या घरी दुपारची चूल पेटत नाही. ती अळणी पेजसुद्धा ताटली चाटून खायची, मान खाली घालून, भरभर. भुकेला माणूस खातो म्हणून त्याला चव विचारायची नाही, असं कुठल्या शहाण्याने ठरवलं? मी ते तिथे बोलले. बैठकीच्या कागदात ते 'पालक प्रतिनिधींनी मत मांडले' असं उतरलं.

परतताना मी कागद भिंगरीकडून पुन्हा वाचून घेतला. पातेल्यात बाहेरचं काही पडू नये. पातेल्यात. ताटलीबद्दल अक्षर नव्हतं.

आमच्या ह्यांच्या चष्म्याचं पत्र्याचं घर आहे, घट्ट झाकणाचं. त्यात मीठ भरलं आणि चष्मा रुमालात गुंडाळून मिठाच्या बरणीवर ठेवला. दुसऱ्या दिवसापासून मी रांगेच्या तोंडाशी उभी. मावशी डाव भरून वाढणार, मी चिमूट टाकणार. दोनशे चौदा ताटल्या, दोनशे चौदा चिमटी. पहिल्या आठवड्यात बोटांची सालटी निघाली. दोन वेण्यांची मुलगी पहिल्या दिवशी ताटलीकडे बघत राहिली, मग माझ्याकडे बघून म्हणाली, "अजून एक चिमूट." टाकली.

सही मात्र मी करत नव्हते. पातेल्यातली चव अळणी, मग 'योग्य आहे' कसं लिहू? मोठ्या बाई रोज 'सही मागाहून'ची नवी चिठ्ठी लावत. डिंक संपला तेव्हा पातेल्यातल्याच पेजेने लावली. त्या चिठ्ठ्या आजही निघत नाहीत.

मधे एका दिवशी मी तापाने पडून होते. चष्म्याचं घर ओट्यावर राहिलं आणि आमचे हे ते उचलून डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेले. डॉक्टरच्या टेबलावर उघडलं तर मीठ. डॉक्टरने विचारलं, "काका, चष्मा कुठे?" हे म्हणाले, "मिठाच्या बरणीत असेल." डॉक्टरने त्यांना दुसरे दोन-तीन प्रश्न विचारले, आजचा वार कोणता, तुमचं वय काय. हे अजून त्याबद्दल माझ्याशी नीट बोलत नाहीत. त्या दिवशी शाळेत माझ्याऐवजी सूनबाई गेली, कामावर अर्धा दिवस रजा टाकून, तिची स्वतःची डबी घेऊन. मला तिने सांगितलंही नाही, भिंगरीने सांगितलं. अठरा वर्षांपूर्वीची भाजी मी त्या दिवशी मनातून खोडून टाकली.

मग धान्यवाल्यांच्या मुख्य बाई येणार असं कळलं, थेट परदेशातून. कार्यक्रम पुढच्या वर्षी चालू ठेवायचा की नाही, ते त्या ठरवणार होत्या. वही बघितल्याशिवाय त्या ठरवत नाहीत. आणि वहीत सतरा रकाने रिकामे.

समन्वयवाली घरी आली. पाणीसुद्धा प्यायली नाही. म्हणाली, "आजी, वही पूर्ण नसली तर ही शाळा यादीतून जाईल. मग अळणीही मिळणार नाही. मी तुमच्या पाया पडते."

त्या पोरीचा मला राग नव्हता. तीन घरची पाहुणी, कुठेच जेवण नाही अशी तिची गत. रात्र मी बसून काढली असं म्हणणार नाही, मी झोपते. पण सकाळी चिरंजीव म्हणाले, "आई, सुंभ जळाला तरी तुझा पीळ जात नाही. दोनशे मुलांचं जेवण तुझ्या सहीवर आहे." हे ऐकून मात्र हातातला घास मी ताटात ठेवला. ते खरं होतं. दोन वेण्यांची मुलगी डोळ्यांपुढे आली. सही केली तर खोटी, नाही केली तर ताटली रिकामी. मी चष्म्याचं घर उचललं आणि निघाले. काय करणार ते माझं मलाच ठाऊक नव्हतं.

मोठ्या बाईंच्या खोलीत सगळे जमलेले. तिन्ही संस्थांचे साहेब-बाई, आणि मधे त्या परदेशी बाई. माझ्याच वयाच्या, पांढरे केस, पायात साधे बूट. वही टेबलावर उघडी, माझ्यासाठी पेनही उघडं. धान्यवाले साहेब हसून म्हणाले, "आजी, फक्त सतरा सह्या."

माझी नजर भिंतीवर गेली. तिथे नियम टांगले आहेत, मोठ्या अक्षरात, इतके दिवस मी ते बघत होते. सहावा नियम असा की शाळेला भेट देणाऱ्या प्रत्येकाने जेवणाची चव घ्यावी. मी बोट लावून तो वाचला, जोडाक्षरांसकट, मोठ्याने. म्हटलं, "आधी हे. मग मी बसते सहीला."

मावशींनी पाच वाट्या आणल्या. पातेल्यातून, ताटलीतून नाही. चूलवाल्यांनी चमचा ओठांना लावून खाली ठेवला आणि फोन काढला. मोजणीवाल्या बाई म्हणाल्या, त्यांचा उपास आहे. परदेशी बाईंनी मात्र पूर्ण चमचा तोंडात घातला. दुसरा घातला. तिसऱ्याला थांबल्या. टेबलावर इकडे बघितलं, तिकडे बघितलं, आणि समन्वयवालीला हळूच काहीतरी विचारलं.

"काय म्हणाल्या त्या?" मी विचारलं.

"त्या विचारतात," ती म्हणाली, "मीठ आहे का."

मी चष्म्याचं घर टेबलावर ठेवलं, उघडलं आणि त्यावर तळहात ठेवला.

"आहे. पण ते कुणाच्या यादीत बसतं, ते ठरल्याशिवाय देता येत नाही. त्यांना सांग, बैठक घ्यावी लागेल. आणि वर्ष संपेपर्यंत थांबावं लागेल, नाहीतर त्यांचे आकडे बिघडतील."

पोरीने माझ्याकडे बघितलं. मग सांगितलं, एक शब्द न गाळता. पाठीवरची पिशवी तिने काढून खाली ठेवली, मला वाटतं पहिल्यांदाच.

परदेशी बाईंनी तिघांना एकच प्रश्न विचारला, मीठ कुणाच्या यादीत आहे. तिघांनी एकमेकांकडे बघितलं. मग बाईंनी धान्याची यादी मागवली, शेवटच्या ओळीखाली स्वतःच्या हाताने एक ओळ लिहिली, सही केली आणि कागद पुढे सरकवला. एकामागून एक तिघांनी सह्या केल्या, मान वर न करता, त्यांच्या सवयीप्रमाणे. मोजणीवाल्यांनी शेजारी शेरा मारला की आकडे नव्याने सुरू करावे लागतील. करा म्हणावं. मुलंही रोज नव्याने जेवतात.

तेव्हा मी हात उचलला. परदेशी बाईंनी दोन चिमटी घेतल्या, वाटी संपवली.

"आता तरी," मोठ्या बाई वही माझ्याकडे करून म्हणाल्या.

"आजची करते," मी म्हटलं, "मीठ पातेल्यात पडल्यावर. मागच्या सतरा नाही. सोळा दिवस पेज अळणी होती आणि एक दिवस खारट. त्या दिवसांची चव मी आता बदलू शकत नाही." समन्वयवालीने तेही सांगितलं. परदेशी बाईंनी रिकामे रकाने बोटाने मोजले आणि वही मिटली. शाळा यादीत राहिली. रकाने रिकामे राहिले. आता तपासणीला कुणी आलं आणि विचारलं, की मोठ्या बाई त्यांना सहावा नियम दाखवतात.

परवा भिंगरी शाळेतून आली ती फुरंगटून. दप्तर टाकलं, डब्यांकडे बघितलंही नाही. म्हणाली, "आजी, तुझ्यामुळे पातेल्यात पेजच उरत नाही. माझा जिराफ चिकटवायचा राहिलाय."

डिंक कुणाच्या यादीत आहे ते मी विचारलं नाही. गॅस पेटवला, पाण्यात पीठ कालवलं आणि घोटून घोटून तिला वाटीभर खळ करून दिली. तिच्यात मीठ घातलं नाही.